चौदा नंबरच्या दारापासून चाळीस पावलं

नंदकुमार शिरगावे यांनी चौतीस वर्षं कागल तालुक्यातल्या जमिनी मोजल्या आणि त्यांनी कायम केलेली एकही हद्द अपिलात फिरली नाही. हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्या भेटीत दहा मिनिटांच्या आत ऐकायला मिळे. दुसऱ्या भेटीत पाच मिनिटं पुरत. आमदाराचा फोन आला की ज्यांचा टेप आपोआप सैल पडतो असे सर्व्हेअर त्यांनी पाहिले होते. नानांचा टेप सगळ्यांना सारखा. घरीदारी त्यांना नाना म्हणत, आणि ज्यांचा बांध त्यांनी आत घेतला होता ते लोक आणखीही काही म्हणत.

खुद्द मेहुण्याचं प्रकरण तर तालुक्यात गाजलं होतं. मुरलीधर राहायचा निपाणीला, म्हणजे कर्नाटकात. पण त्याची आईकडून आलेली दीड एकर जमीन कागलच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रात होती. मोजणीदार घरचाच आहे म्हटल्यावर त्यानं हळूच सुचवलं, बांध एक हात शेजाऱ्याकडे सरकला तर बरं होईल. नानांनी मोजणी केली आणि बांध दीड हात मुरलीधरच्याच अंगावर आणला, कारण नकाशात तसंच होतं. तेव्हापासून अकरा वर्षं मुरलीधर त्यांच्याशी बोलला नव्हता. नानांच्या पत्नी वसुधा गेल्या तेव्हा तो आला, खांदा दिला आणि पाण्याचा घोटही न घेता परत गेला. नानांना त्याचं वाईट वाटे. पण बांध बरोबर होता, आणि बरोबर बांधापुढे वाईट वाटण्याला किती किंमत द्यायची, हे त्यांना कुठल्या सर्क्युलरमध्ये सापडलं नव्हतं.

असे हे नाना फेब्रुवारी २०२० मध्ये सहा आठवड्यांसाठी मुलीकडे, ज्ञानदाकडे, आयर्लंडला आले. ज्ञानदा लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. मार्चमध्ये साथीमुळे विमानं बंद झाली आणि नाना अडकले. ज्ञानदा बारा-बारा तासांची ड्युटी करून यायची, वरच्या मजल्यावर जायची आणि लागण नको म्हणून जिन्यातूनच विचारायची, "नाना, खाल्लंत ना काही?" बाकी दिवसभर नाना आणि घर. पहिल्या आठवड्यात त्यांनी घर मोजलं आणि ते कागदावरच्यापेक्षा चार इंच कमी भरलं. दुसऱ्या आठवड्यात परसदार मोजलं आणि असं आढळलं की शेजाऱ्याचं कुंपण एक फूट ज्ञानदाच्या हद्दीत आलंय.

"नाना, प्लीज," ज्ञानदा जिन्यातून म्हणाली, "ते ऐंशीच्या वरचे आहेत. झेक आहेत. एकटे राहतात. त्यांना काही बोलू नका."

"मी कशाला बोलू?" नाना म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

पलीकडे बोहुमिल क्रीझ बटाट्याच्या वाफ्यात उभे होते. त्र्याऐंशी वर्षांचा उंच, वाकलेला माणूस. मांसाच्या एका कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेला. त्यांची मुलगी होती, पण लांब कॉर्कला. नानांनी आपल्या इंग्रजीत हद्दीची वस्तुस्थिती त्यांच्या कानावर घातली. बोहुमिल यांचंही इंग्रजी साधारण त्याच मापाचं असल्यामुळे दोघांना एकमेकांचं सगळं समजलं.

"एक फूट," बोहुमिल म्हणाले. "माहीत आहे. मिस्टर नाना, आमच्या गावात सरहद्द आमच्या गल्लीच्या टोकावरून गेली. आख्खं गाव दोन देशांत. तुम्ही एक फूट म्हणता."

नानांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. चौतीस वर्षांत असं प्रकरण त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी अकरा वाजता, कुंपणाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकून, दोन मीटरचं अंतर राखून (ते नानांनीच मोजलेलं), झाब्रोडेक नावाच्या गावाची चौकशी सुरू झाली. नाना वहीत टिपत. गाव ऑस्ट्रियाच्या बादशहाचं, मध्ये एक ओढा. पहिलं महायुद्ध संपलं, बादशहा गेला, आणि कुणीतरी लांबच्या शहरात बसून ओढ्यावरून रेघ मारली. अलीकडे झेक लोकांचा नवा देश, पलीकडे ऑस्ट्रिया. रेल्वे स्टेशन अलीकडे, चर्च पलीकडे. बेकरी अलीकडे, पिठाची गिरणी पलीकडे.

"ओढा धरून हद्द टाकली?" नाना भडकले. "ओढा जागा बदलतो. कोण होता तो अधिकारी?"

तो अधिकारी जाऊन शंभर वर्षं झाली होती, तरी नानांनी वहीत त्याच्याविरुद्ध शेरा मारला.

मग हिटलर आला आणि दोन्ही काठ जर्मनीत गेले. मग तो गेला आणि रेघ परत आली. बोहुमिल यांची आजी घर नंबर चौदामध्ये जन्मभर एकाच चुलीपाशी स्वयंपाक करत राहिली आणि तेवढ्यात तिचं राज्य चारदा बदललं. प्रत्येक राज्याचा माणूस नवा कागद घेऊन यायचा. आजी त्याला सूप द्यायची आणि कागद चूल पेटवायला ठेवायची. नानांना ही बाई फार आवडली, पण कागद जाळल्याचं त्यांना मनापासून लागलं.

"आणि मग तारा," बोहुमिल म्हणाले. कम्युनिस्टांच्या राज्यात, ते पंधरा वर्षांचे असताना, सरहद्दीलगतची त्यांची सबंध गल्ली, आठ नंबरपासून चौदापर्यंत सात घरं, पाडून टाकली. तिथे काटेरी तारा आल्या. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आजीचं अक्रोडाचं झाड होतं, ते तारांपलीकडे राहिलं. चाळीस वर्षं दर शरदात अक्रोड पडायचे आणि गावातले लोक बघत बसायचे. अखेर तारा कापल्या, तेव्हा गाव बसगाड्या भरून व्हिएन्ना बघायला गेलं. बोहुमिल पिशवी घेऊन झाडाखाली गेले. आता झाब्रोडेकमध्ये पेट्रोल पंप आहेत, स्वस्त दंतवैद्य आहेत, आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर बागेत ठेवायचे दाढीवाले मातीचे बुटके आहेत, जे पलीकडचे लोक डझनाने नेतात.

"आमच्याकडं पण तसंच," नाना म्हणाले. "पेट्रोल स्वस्त असंल त्या बाजूला सगळं गाव." आणि लेटरकेनीची मंडळीही टाकी भरायला सरहद्द ओलांडून ब्रिटनच्या नॉर्दर्न आयर्लंडमध्ये जाऊन यायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एके सकाळी बोहुमिल सांगता सांगता थांबले. अकरा नंबरात दाई राहायची की ट्रॉम्बोन वाजवणारा, ते त्यांना आठवेना. मग म्हणाले, दर वर्षी मेच्या चौथ्या रविवारी गावाची जत्रा असते. दर वर्षी ते जातात. बहीण मारी आणि ते मिळून त्या गवतात उभे राहतात आणि घरं मोजतात. मारी हिवाळ्यात गेली. यंदा विमान नाही. "गल्ली कुठे होती हे माहीत असलेला आता मी एकटाच. आणि मी विसरायला लागलोय."

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. ज्ञानदाने लॅपटॉपवर उपग्रहाचा नकाशा काढून दिला, तर तिथे नुसती झाडी. ज्या गल्लीचा नकाशा नाही, सातबारा नाही आणि एकमेव साक्षीदाराची स्मृती चालली आहे, तिची मोजणी ताबडतोब व्हायला हवी, एवढं त्यांना कळत होतं.

"साक्षीदार एकच हाय," ते ज्ञानदाला म्हणाले. "त्याचा जबाब आत्ता न्हाई घेतला तर कवा घ्यायचा?"

"पण मोजणार कुठे, नाना? झेक रिपब्लिकला जाणार आहात का?"

"समोर हाय की मैदान."

वसाहतीच्या मधोमध बावीस घरांच्या सामायिक मालकीचं गवताचं मैदान होतं. नानांनी ठरवलं की झाब्रोडेकची गल्ली तिथे मूळ मापात आखायची. जत्रेच्या दिवशी बोहुमिल तिच्यातून चालतील आणि कोण कुठे राहत होतं ते पायाखाली आठवेल तसं सांगतील, आपण लिहून घेऊ. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायच्या नियमातही ते बसत होतं. मापांची अडचण नव्हती. बोहुमिल यांना लहानपणची पावलं पाठ होती, कारण ते रोज बदकं घेऊन ओढ्यावर जायचे आणि मोजायचे. चौदा नंबरच्या दारापासून ओढा, चाळीस पावलं. नानांनी खात्याच्या पद्धतीने एक पाऊल अडीच फूट धरलं. चाळीस पावलं, शंभर फूट.

इथवर सगळं ठीक होतं. पण मोजणी म्हटली की नोटीस आली. लगतच्या धारकांना नोटीस न देता नानांनी आयुष्यात खुंटी ठोकली नव्हती, आणि परदेशात येऊन बेकायदा वागायचं तर त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी कागलच्या कार्यालयातला मसुदा आठवून इंग्रजीत उतरवला. नोटीस अशी: दिनांक २४ मे रोजी सकाळी अकरा वाजता समोरील मोकळ्या जागेची मोजणी होऊन हद्दी कायम करण्यात येतील, लगतच्या धारकांनी समक्ष हजर राहावे, गैरहजर राहिल्यास त्यांचे काही म्हणणे नाही असे समजून कारवाई पूर्ण करण्यात येईल. खाली सही, आणि सहीखाली 'सर्व्हेअर'. 'सेवानिवृत्त' हा शब्द जागेअभावी राहिला. ज्ञानदाच्या प्रिंटरवर बावीस प्रती काढून त्यांनी त्या बावीस दारांतून आत सरकवल्या. पोच म्हणून ते खिडकीत कुणी दिसेपर्यंत फाटकाशी थांबत आणि वहीत लिहीत, 'समक्ष बजावली.'

शनिवारी सकाळी त्यांनी बागेतल्या बांबूच्या काठ्या ठोकल्या, प्रत्येकीवर नंबर टाकला आणि कपड्यांची दोरी ताणून रेघा मारायला घेतल्या. चुना नव्हता. स्वयंपाकघरात पाच किलो मैद्याची पिशवी होती. त्या दिवसांत आयर्लंडात जो तो घरी बसून ब्रेड भाजत होता आणि दुकानांत मैदा औषधालाही मिळत नव्हता. बावीस घरांतल्या चव्वेचाळीस डोळ्यांनी पाहिलं की सरकारी कागदावर सही करणारा एक परका गृहस्थ मुठी भरभरून मैदा गवतावर ओततोय.

वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय झालं ते ज्ञानदाला हॉस्पिटलात जेवणाच्या सुट्टीत वाचायला मिळालं. साठ फ्लॅट येणार होते. मग तीन मजली. मग पार्किंगसह. कमिटीच्या अध्यक्षा बर्नाडेट मॅकगिन्ली यांनी नगरसेवकाला पत्र लिहिलं होतं आणि गार्डांना, म्हणजे तिथल्या पोलिसांना, फोन केला होता. शेवटचा मेसेज होता: युअर मॅनकडे, म्हणजे त्या बाबाकडे, अख्खी पाच किलोची पिशवी आहे.

ज्ञानदा तशीच घरी आली. मैदानावर नाना हातात मैदा घेऊन उभे, समोर एक तरुण गार्ड, त्याच्यापासून दोन मीटरवर बर्नाडेटबाई नोटीस फडकवत, आणि आपल्या फाटकाशी काठी टेकून बोहुमिल.

"नाना, तुम्ही लोकांना नोटिसा दिल्यात?"

"मग काय बिननोटिशीची मोजणी करू?"

गार्डने शांतपणे विचारलं की इथे काय बांधलं जाणार आहे. नानांनी नकाशा उघडला. "काही न्हाई बांधणार. जे पाडलंय ते दाखवणार." त्यांचं इंग्रजी इथे संपलं आणि पुढचं बोहुमिल यांनी सांगितलं: ओढा, रेघ, सात घरं, तारा, अक्रोड, मारी. सांगायला वेळ लागला. मध्येच ते अकरा नंबरवर अडकले आणि नानांनी हळूच म्हटलं, "असू दे, पुढं चला."

गार्डने टोपी काढून परत घातली. "माझी आई पेटिगोची," तो म्हणाला. "तिथेही मधून नदी. अर्धं गाव इकडे, अर्धं नॉर्थमध्ये. आजी जकात चुकवायला कोटाच्या आत लोणी लपवून पूल ओलांडायची, गरमीत सुद्धा." मग तो बर्नाडेटबाईंकडे वळला. "सगळं ग्रँड आहे, काळजी नको, बर्नी. कुणी काही बांधत नाहीये."

बर्नाडेटबाईंचा राग एकदम उतरणाऱ्यातला नव्हता. त्यांनी नोटीस पुन्हा वाचली. "यात लिहिलंय समक्ष हजर राहावे. म्हणजे कुठे उभं राहायचं ते तरी सांगा. आणि मैदा उरलाय का?"

रविवारी वारा होता, पण पाऊस नव्हता. बावीस घरांचे धारक आपापल्या फाटकाशी समक्ष हजर होते, काही जण खुर्च्या आणि चहा घेऊन. कागल तालुक्यात इतकी हजेरी नानांना कधी लाभली नव्हती. मैदानावर नियमाप्रमाणे चारच माणसं: नाना, बोहुमिल, मोबाईलवर शूटिंग करणारी ज्ञानदा, आणि नऊ नंबरात, बेकरीच्या जागी, उरलेल्या मैद्याचा ब्रेड घेऊन बर्नाडेटबाई. मैदानाच्या टोकाला निळ्या दोरीचा ओढा होता आणि त्याच्यापलीकडे परसातून उपटून आणलेलं कपडे वाळवायचं छत्रीसारखं स्टँड. ते अक्रोडाचं झाड.

बोहुमिल कोट-टाय घालून आले. आठ नंबरापाशी टोपी काढली. नऊला ब्रेडचा वास घेतला. एकेका काठीपाशी थांबून ते माणसांची नावं सांगत, आणि नाना लिहून घेत. अकरापाशी ते उभे राहिले, पायाखालच्या गवताकडे पाहिलं आणि म्हणाले, "दाई. ट्रॉम्बोन बारा नंबरात होता. दाई त्याला शिव्या द्यायची, बाळं दचकतात म्हणून." फाटकांवरून टाळ्या आल्या. नानांनी 'दाई' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

चौदा नंबरच्या दारात बोहुमिल वळले, तोंड ओढ्याकडे केलं आणि मोजत चालू लागले. त्यांच्या भाषेत, मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखे. नानाही मनात मोजत होते. वीस झाले. तीस झाले. नानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चाळीसाव्या पावलाला बोहुमिल थांबले आणि त्यांनी समोर पाहिलं. निळी दोरी अजून चांगली लांब होती. त्यांनी मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं.

"ओढा इथे हवा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "चाळीस. मी हे पण विसरलो."

ज्ञानदा मोबाईल धरून तशीच उभी राहिली. आपल्या वडिलांना ती ओळखत होती. आता खात्याचं पाऊल निघणार, अडीच फूट निघणार, चौतीस वर्षं निघणार.

नाना बोहुमिल यांच्या बुटांकडे बघत होते. गवतावर दवात उमटलेली पावलं त्यांनी टेप न लावता नजरेनंच मोजली. एकेक वीस इंचांच्या आतबाहेर. सात-आठ वर्षांच्या पोराचं पाऊल केवढं असतं? तेवढंच. म्हातारपणी माणसाचं पाऊल परत तेवढं होतं. चूक जबाबात नव्हती. चूक अडीच फुटांत होती, म्हणजे नानांची होती.

ते चालत मैदानाच्या टोकाला गेले. ज्या माणसाने आमदारासाठी आणि मेहुण्यासाठी खुंटी बोटभर हलवली नव्हती, त्याने दोन्ही काठांच्या बांबूच्या खुंट्या उपटल्या, निळी दोरी गोळा केली आणि सबंध ओढा चौतीस फूट अलीकडे आणून बोहुमिल यांच्या बुटांपुढे ठोकला. मग जाऊन स्टँड उचललं, धापा टाकत आणलं आणि दोरीपलीकडे रोवलं.

"तुमी बरोबर हाय," ते मराठीतच म्हणाले. "माझी मोजणी चुकली."

बोहुमिल यांना शब्द कळले नसतील, पण ते दोरी ओलांडून पलीकडे गेले. नानांनी आदल्या दिवशी स्टँडखाली बशीत मूठभर अक्रोड ठेवले होते, ते धावत जाऊन त्यांनी आणून दिले. बोहुमिल यांनी एक फोडला, खाल्ला आणि रडले. नानाही रडले, आणि त्यांनी वहीत लिहिलं: 'हद्द साक्षीदाराच्या पावलाप्रमाणे कायम केली.' त्याखाली लगतच्या धारकांची काही हरकत आहे का, म्हणून त्यांनी बावीस फाटकांकडे पाहिलं. कुणाची नव्हती.

संध्याकाळी ज्ञानदाने शूटिंग घरच्या ग्रुपवर टाकलं. सोमवारी सकाळी नानांचा फोन वाजला.

"दाजी, मुरलीधर बोलतोय."

"व्हय. आवाज वळीखला."

"परदेशात ओढा सरकवलासा म्हणं. चौतीस फूट."

"सरकवला."

"अन् आमचा बांध?"

नाना खिडकीतून मैदानाकडे बघत राहिले. मैदा वाऱ्यानं उडाला होता, खुंट्या तेवढ्या होत्या.

"त्यानं पावलं खरी मोजली हुती, मुरलीधर. तुजा बांध हाय तिथंच हाय."

निपाणीच्या बाजूनं फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. नाना कानाला लावून उभे राहिले.

"बरं," मुरलीधर म्हणाला. "जेवलासा का?"